मानंचं की मानाचं

कोयनानगर

कोयनानगरला जाणारे बहुतेक लोक धरण पाहायला जातात. मी मणक्यांसाठी गेलो होतो. नागपूरच्या ज्या दैनिकात मी काम करतो, तिथल्या आरोग्याच्या पानाला पाठीच्या आणि मानेच्या दुखण्याबद्दल वाचकांचे प्रश्न सतत येतात. बहुतेकांना एवढंच विचारायचं असतं की, ऑपरेशन करावं की करू नये? मणक्यापर्यंत पोचायच्या वाटा अनेक आहेत. पुढून जाता येतं, मागून जाता येतं, कुशीतून जाता येतं, दुर्बिणीच्या बारीक छिद्रातूनही जाता येतं. कोणती वाट धरली यावर पुढचं बरंच काही ठरतं. हे मलाही नीट माहीत नव्हतं. म्हणून फाल्गुनात रजा काढली आणि डॉ. मेघना यांच्या गाडीत जाऊन बसलो.

डॉ. मेघना मिरजेत मणक्याच्या शस्त्रक्रिया करतात. माहेर साताऱ्याकडचं. वडील, काका, भाऊ, सगळे फौजेत. महिन्यातून एकदा त्या कोयनेच्या खोऱ्यात तपासणीला येतात. शिबिर वसाहतीतल्या एका सभागृहात होतं. भूकंपाचा भाग असल्याने इथली घरं बुटकी आणि हलकी आहेत. मागे डोंगर निम्मा वाळलेला, निम्मा हिरवा, आणि मध्येच पांगाऱ्याचा लालभडक ठिपका. सकाळी नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि हिरव्या मिरचीचा खर्डा मिळाला. नागपूरकराला आपल्या तिखटाचा अभिमान असतो. माझा पहिल्या घासाला उतरला.

शिबिरात सर्वांत जास्त ऐकू आलेला शब्द ‘ग्याप’. एक निवृत्त हवालदार खुर्चीत ताठ बसून म्हणाले, “म्याडम, मणक्यात ग्याप पडलाय. भरून द्या.” डॉक्टरांनी त्यांचा एक्स-रे उजेडात धरला आणि दाखवलं की दोन मणक्यांमधली फट रुंदावलेली नाही, उलट चकती झिजून अरुंद झाली आहे.

“म्हणजे ग्याप न्हाईच?”

“होता तो कमी झालाय.”

हवालदार थोडे हिरमुसले. पाच वर्षं गावात सगळ्यांना ते ग्याप सांगत आले होते. ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा, हे ऐकून मात्र खूश होऊन गेले.

त्यांच्यानंतर सिदू आण्णा आत आले. उंच, सडसडीत, साठीच्या आसपासचे, खांद्यावर घोंगडं. मागे त्यांच्या बायको हौसाक्का. हे जतकडच्या दुष्काळी पट्ट्यातले मेंढपाळ. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरायचा, कोकणात चारायची आणि चैत्रातल्या बिरोबाच्या जत्रेला घरी पोचायचं, असा त्यांचा वर्षाचा फेरा. परतीच्या वाटेवर कळप खाली नदीकाठी बसवून दोघं वर आली होती.

“काय होतंय आण्णा?”

“चालताना लोकरीवर पाय दिल्यावानी वाटतंय. आन् कातर हातातनं पडती. मेंढरू भादरताना दोनदा पडली. गुंडी लावाय ही लागती,” असं म्हणून त्यांनी बायकोकडे मान वळवली.

डॉक्टरांनी त्यांच्या मधल्या बोटाचं नख टिचकीसारखं उडवलं. त्याबरोबर आण्णांचा अंगठा आपोआप आत वळला. त्यांनी पुन्हा टिचकी मारली, तो पुन्हा वळला.

आण्णा अंगठ्याकडे बघत राहिले. “मी सांगतोय ते ऐकत न्हाई. तुमचं बरं ऐकतोय.”

मग डॉक्टरांनी त्यांना एका पावलाला दुसरं पाऊल लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं. आण्णा निघाले आणि नेमका त्याच वेळी खिडकीच्या काचा थरथरल्या, टेबलावरचा स्टीलचा पेला सरकला. मी उठून दाराकडे निघालोही होतो. स्थानिक मंडळींपैकी कुणी वर पाहिलं नाही. आण्णा मधेच थांबले, हात पसरून.

“म्याडम, ह्यो मी हाललो का जमीन?”

“या वेळी जमीन,” डॉक्टर म्हणाल्या. “पण आधीचं सगळं तुम्ही.”

सभागृह हसलं. डॉक्टर मात्र त्यानंतर हसल्या नाहीत. त्यांनी दोघांना जवळ बसवून सांगितलं ते असं: मानेच्या मणक्यांच्या आतून मेंदूचा जाड दोर खाली जातो, तो दबला आहे. म्हणून हातही गेले आणि चालही गेली. असा दबलेला दोर औषधाने सुटत नाही. घाटात एकदा पाय घसरून पडलात तर हातपाय कायमचे जाऊ शकतात. ऑपरेशन लवकर करायला हवं.

“जत्रा झाल्यावर करू,” आण्णा म्हणाले.

“जत्रेपर्यंत थांबता येणार नाही.”

“कुठनं करणार?”

हा प्रश्न शिबिरात पहिल्यांदाच कुणी विचारला होता. डॉक्टरांनी सांगितलं की वाटा दोन आहेत, गळ्याच्या पुढून किंवा मानेच्या मागून. आधी आतली फिल्म काढावी लागेल, मग ठरेल.

पुढून म्हटल्याबरोबर आण्णांचा हात गळ्याकडे गेला. हौसाक्का पुढे झाल्या. “आवं म्याडम, ह्यांचा गळा म्हंजी गावाचा गळा हाय. जत्रंत पयली ओवी ह्येंची. आज्यापास्नं मान हाय आमच्या वस्तीचा. ह्येनी न्हाई गायलं तर मान खालच्या वस्तीकडं जातोय, दऱ्याप्पाकडं. दीर हायती, पर त्यांना नुसती मागनं झील धरता येती. पुढं हून गाणारं घरात दुसरं कोन न्हाई.”

“हात ऱ्हाऊ द्या एक येळ,” आण्णा म्हणाले. “गळा गेला तर मी कोन?”

कळप धाकट्या भावाच्या हवाली झाला. आण्णा आणि हौसाक्का आमच्या गाडीत बसले.

आष्टा

मिरजेच्या वाटेवर डॉक्टरांनी गाडी आष्ट्याला वळवली. तिथे दत्ताआबा राहतात. भाजीच्या बाजारात अडत आहे, सौदे स्वतः पुकारतात. मागे त्यांच्या मानेचं ऑपरेशन डॉक्टरांनीच पुढून केलं होतं आणि ते दाखवण्याची एकही संधी आबा सोडत नाहीत, असं त्या म्हणाल्या. आण्णांनी त्यांचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकावा, एवढाच हेतू.

आबा ओसरीतच भेटले. नमस्कार होण्याआधी त्यांनी सदऱ्याचं बटण काढून गळा वर केला. “हुडका बघू खूण!”

आण्णांनी हुडकली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. गळ्याला जिथे आपोआप घडी पडते त्याच घडीत छेद घेतलेला असल्याने काही दिसेना. आबांनी स्वतःच बोट ठेवून दाखवलं तेव्हा पांढरट रेघ दिसली.

डॉक्टरांनी तिथेच समजावून सांगितलं. पुढून जाताना श्वासनलिका आणि अन्ननलिका हलकेच बाजूला सारायच्या. मागे लगेच मणके लागतात. खराब चकती काढायची, तिच्या जागी आधार बसवायचा. स्नायू फारसे कापावे लागत नाहीत, दुखतं कमी, माणूस लवकर उठतो. पण आवाजाच्या पेटीकडे जाणारी नस त्याच वाटेवर आहे. ती ताणली गेली तर आवाज बसतो. बहुतेकांचा परत येतो.

“बहुतेकांचा,” आण्णा म्हणाले.

“कायमचा बसण्याची शक्यता थोडी आहे.”

“थोडी म्हंजी?”

“तुम्हाला सांगावी लागते, इतकी.”

आण्णांनी मान डोलावली आणि आबांकडे वळले. “जरा सौदा पुकारा.”

आबांनी वांग्यांचा सौदा पुकारला. समोरच्या घरातून दोन बाया बाहेर आल्या, कोपऱ्यावरचा एक माणूस खरोखरच भाव विचारत आला. आण्णा डोळे मिटून ऐकत होते. “आवाज हाय,” ते म्हणाले. “आता वरचा सूर लावा.”

“कसला सूर?”

आण्णांनी लावून दाखवला. ओसरीत बसल्या बसल्या, कानावर हात ठेवून, एकच लांब स्वर. तोवर मी हा मनुष्य गाणारा आहे हे फक्त ऐकून होतो. आबांनी त्यामागून प्रयत्न केला. आवाज वर चढता चढता मधेच फाटला.

आण्णांनी हौसाक्कांकडे पाहिलं.

आत शेंगा भाजत असलेल्या आबांच्या बायको दारात आल्या. “आवं, ह्यांचा सूर आमच्या लगनातबी असाच फाटला हुता. भटजी थांबला हुता मंगलाष्टकं म्हणायचा. त्यात डॉक्टरांचा काय दोष?”

आबा म्हणाले, “तवा मला सर्दी हुती.”

“तीस वरसं झाली, सर्दी हायच.”

पुरावा असा निकामी ठरला. आमच्यापुढे गरम शेंगा आणि गूळ आला. पाठोपाठ जेवणाचं पान मांडलं गेलं, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याचा म्हाद्या. नागपूरला आलेल्या माणसाला आधी चहा विचारतात, मग जेवणाचं काढतात. इथे विचारण्याची पद्धत दिसली नाही. ताट पुढे आलं की माणूस जेवतो.

कुपवाड

मिरजेत आतली फिल्म निघाली. डॉक्टरांनी ती काचेवर लावून आण्णा, हौसाक्का आणि भाचा म्हाळू यांना दाखवली. म्हाळू कुपवाडच्या एका फौंड्रीत कामाला आहे, मोटरसायकलवरून धावत आला होता. आण्णांचा दोर एका ठिकाणी नव्हे, तीन-चार ठिकाणी दबलेला होता. मानेला जो नैसर्गिक बाक असतो तो मात्र शाबूत होता.

“मान पुढे कलंडलेली असती, तर मला पुढूनच जावं लागलं असतं,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमचा बाक चांगला आहे. मागून जाऊन दोरावरचं हाडाचं छप्पर एका बाजूने उचलायचं, दार उघडतो तसं, आणि उघडं ठेवायचं. दोराला मागे सरकायला जागा होते. पण मागून गेलं की स्नायू बाजूला करावे लागतात. मान बरेच दिवस दुखेल, आखडेल. गळ्याच्या नसेला मात्र आपण हात लावणार नाही.”

आण्णांनी विचार करायला वेळ घेतला नाही. “मेंढरू धरायचं तर आमी मागल्या पायालाच धरतो. पुढनं धराय गेलं की बुजतंय. मागनंच करा.”

म्हाळूला रजा सांगायला कारखान्यात जायचं होतं. मीही त्याच्या मागे बसून गेलो. कुपवाडचा औद्योगिक भाग म्हणजे ओळीने पत्र्याच्या शेड आणि प्रत्येकीसमोर दुचाक्यांची रांग. म्हाळूच्या शेडमध्ये नुकतेच ओतलेले नळजोड साफ करत होते. ग्राइंडरच्या आवाजात शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागत होतं. त्यातच उभं राहून म्हाळूने गावाकडे, बिरोबाच्या पुजाऱ्यांना फोन लावला. त्याची बाजू मी शब्दशः ऐकली.

“पुजारीबाबा, मामाच्या मानंचं ठरलं!... मानंचं, मानंचं!... व्हय. पुढनं न्हाई, मागनं!... मामानंच सांगितलं की... न्हाई न्हाई, कुनी जबरदस्ती न्हाई केली, खुशीनं... व्हय, लय खुशीनं! सगळ्यास्नी सांगा!”

फोन ठेवून तो समाधानाने हसला. मला त्या बोलण्यात काही वावगं वाटलं नाही. बाहेर येऊन आम्ही टपरीवर भडंग खाल्लं. वर चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. म्हाळूने पोटभर खाल्लं आणि म्हणाला, “एक काळजी मिटली.”

मिरज

मिरजेत सकाळी बाहेर पडलं की समोरून येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या हातात एक्स-रेची मोठी पिशवी असते. मराठी, कन्नड, हिंदी आणि कोकणी एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात. औषधांच्या दुकानांच्या रांगेत खानावळी, आणि रुग्णांच्या नातेवाइकांना खोल्या देणारी घरं. नागपूरच्या रुग्णालयात अनोळखी माणूस दुसऱ्याला आधी विचारतो, ‘काय झालं?’ मिरजेत आधी विचारतात, ‘कुठलं गाव?’ गाव कळलं की दुखणं आपोआप निघतं, आणि बहुधा त्या गावचा आणखी एक रुग्ण वरच्या मजल्यावर सापडतो.

आण्णांच्या आणि रुग्णालयाच्या परवानगीने मी शस्त्रक्रियेच्या वेळी आत उभा होतो. आण्णांना पालथं झोपवलेलं, डोकं एका चौकटीत घट्ट धरलेलं. छेद, मग स्नायू, मग हाड. डॉक्टरांच्या हातातलं यंत्र शिसपेन्सिलीएवढं, त्याच्या टोकाला बारीक फिरणारा मणी. हाडाच्या एका बाजूला पूर्ण खाच पाडली, दुसऱ्या बाजूला अर्धवट, बिजागरीपुरती. मग मणक्यांचं छप्पर एकेक करून अलगद उचललं आणि धातूच्या इवल्या पट्ट्यांनी तसंच उघडं धरून ठेवलं. ओरडाआरडा नाही, घाई नाही. मला त्यांनी पडद्याकडे बोट करून दाखवलं. आवरणात गुंडाळलेला तो फिकट दोर इतका वेळ निपचित होता. आता तो ठोक्याबरोबर हलत होता.

“धडधडायला लागला,” डॉक्टर म्हणाल्या. मास्कमागे त्या हसत होत्या हे डोळ्यांवरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी हौसाक्कांचा हात धरला आणि दाबला. “लागतंय की जोर!” त्या ओरडल्या. आण्णांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. पुन्हा उघडलं. भाता फाटल्यासारखा आवाज.

हौसाक्कांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “मागनं केलं नव्हं? मग गळा कसा गेला?”

डॉक्टर धावत आल्या आणि त्यांनी समजावलं. भूल देताना श्वासासाठी घशातून नळी घालावी लागते, ती पुढून करा की मागून, टळत नाही. तिने घसा सुजतो, दोन-तीन दिवसांत उतरतो. दोन-तीन दिवस गेले. आवाज आला नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरांच्या दोन्ही पट्ट्या हलत होत्या, पण सूज नेहमीपेक्षा जास्त होती. हुकूम निघाला: बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही.

“लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा माजं बोलणं पुरं हुतंय,” हौसाक्का म्हणाल्या. पण त्या दर थोड्या वेळाने पदराने डोळे पुसत, हे सगळ्या वॉर्डाला दिसत होतं. आण्णा छताकडे पाहत पडून असत.

अशात एके दुपारी वॉर्डाच्या दारात चार माणसं उभी राहिली. पुढचा माणूस रुंद छातीचा, मिशाळ, कपाळाला भंडारा, हातात नारळ आणि नवाकोरा फेटा. हा दऱ्याप्पा, खालच्या वस्तीचा ओवीकार. तो सरळ खाटेपाशी आला आणि आण्णांच्या पायांवर हात ठेवला.

“आण्णा, लय मोठं मन तुमचं. आपल्या हातानं मान सोडायचा म्हंजी छाती लागती.”

आण्णांचे डोळे मोठे झाले. तोंड उघडलं, बंद झालं.

“कसला मान?” हौसाक्का म्हणाल्या.

“पयल्या ओवीचा गं अक्का. पुजारीबाबाला फोन आलता. मानाचं ठरलं, आण्णा पुढनं न्हाई, मागनं गाणार. खुशीनं. आमी सात बार इच्चारलं, खुशीनं का? व्हय म्हनं, लय खुशीनं.”

सगळ्यांनी म्हाळूकडे पाहिलं. म्हाळू भिंतीला टेकला.

“मानंचं म्हणलो मी! मानंचं!” त्याने स्वतःच्या मानेवर फाडफाड चापट्या मारल्या. “ही! ही मान! ऑपरेशन मागनं! मान कुनी सोडलाय?”

पहिल्यांदा शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. त्याच्या कमरेचे टाके ताजे होते. “हसवू नका रं, टाकं तुटत्याल,” म्हणत तो हसतच राहिला. मग सगळा वॉर्ड. परिचारिका काय झालं म्हणून आत आली आणि कळल्यावर तीही दाराला धरून उभी राहिली.

दऱ्याप्पा मात्र घामाघूम झाला होता. “अक्का, आमी त्या आनंदात बोकड कापला की गं! सगळ्या वस्तीला जेवान दिलं. आता त्यो परत शिवू का?”

“आन् फेटा? फेटा कुनासाठी आणलायसा, स्वतःसाठी?”

“आण्णासाठी गं, बिरोबाची आण.”

खाटेवरून घरघर आली. आण्णांनी हाताने दऱ्याप्पाला वाकायला सांगितलं. बोलायची मनाई होती. त्यांनी ती मोडली. सगळ्या वॉर्डाने ऐकलं, फाटका, खरखरीत, पण आवाज:

“बोकड... कसा हुता?”

दऱ्याप्पाने कपाळाचा घाम पुसला. मग तो म्हणाला, “कवळा हुता, आण्णा.”

हौसाक्का बाहेर व्हरांड्यात निघून गेल्या. हसत होत्या की रडत, सांगता येत नाही.

जाताना दऱ्याप्पाने सर्वांसमोर निवाडा केला. “पुजारीबाबाला मी सांगतो. जत्रंपतूर आवाज आला तर मान तुमचा. न्हाई आला तर माजा. पर असा फोनवर घावलेला मान मला नगं.”

जतकडची वस्ती

मी नागपूरला परतलो. मधल्या काळात म्हाळूच्या फोनवर बातम्या मिळत गेल्या. टाके निघाले. गळपट्टा लावून आण्णा घराभोवती चालतात, पायाखालची लोकर गेली. भुईमुगाची शेंग दोन बोटांनी फोडतात. आवाज? “बोलत्यात. पर सूर लावून बघत न्हाईत. भ्यात्यात.” दऱ्याप्पा दर आठवड्याला मध पाठवत होता. हौसाक्का तो आधी स्वतः चाखून मग आण्णांना देत.

जत्रेला मी पुन्हा गेलो. या पट्ट्यात पोचल्यावर आधी आकाश दिसतं, मग जमीन. उघडे माळ, टेकड्यांच्या कण्यावर पवनचक्क्या, मध्येच डाळिंबाच्या बागेचा हिरवा चौकोन. कोयनेला डोंगर अंगावर येतो. इथे पाच मैलांवरचा माणूस नजरेत राहतो. डॉ. मेघना मिरजेहून आल्या होत्या. त्यांना पाहिल्यावर निम्म्या जत्रेने आपापल्या पाठी दाखवायला सुरुवात केली. ‘ग्याप’ इथेही होताच. जेवायला बाजरीची भाकरी आणि मटणाचा तांबूस, पातळ रस्सा. आमच्या सावजीच्या रश्शापेक्षा सौम्य, पण दुसऱ्यांदा वाढून घेतला हे नमूद करतो.

ऊन कलल्यावर ढोल उभे राहिले. देवळासमोर एका बाजेवर घोंगडं अंथरून आण्णांना बसवलं. गळपट्टा तेवढ्यापुरता काढायची परवानगी डॉक्टरांनी दिली होती, दोन अटींवर: उभं राहायचं नाही, मान मागे टाकायची नाही. खालच्या वस्तीची मंडळी समोर फेटे बांधून तयार. दऱ्याप्पा गळ्यात ढोल अडकवून उभा. पुजाऱ्यांनी दोघांकडे पाहिलं. ढोल थांबले.

आण्णांनी हात कानाकडे नेला. शेजारी डॉक्टर पुटपुटल्या, “बोटं बघा, सरळ आहेत.” मी बोटांकडे बघत नव्हतो.

पहिला स्वर खालच्या पट्टीत लागला. कोरडा, जपून टाकलेला. बायकांच्या घोळक्यात हौसाक्का जमिनीकडे पाहत होत्या. आण्णांनी ओळ अर्धी नेली आणि थांबले. जिथून आवाज वर जायचा तिथेच थांबले. गर्दीत कुणाचं तरी तान्हं रडलं, तेवढाच आवाज. दऱ्याप्पाचे हात ढोलावर आपोआप उचलले गेले होते. त्याने ते खाली घेतले.

आण्णांनी श्वास भरला आणि वर गेले.

आष्ट्याच्या ओसरीत ऐकलेला स्वर गुळगुळीत होता. हा काठाला खरखरीत होता, पण फाटला नाही. वर पोचला, तिथे थांबला, आणि टेकून बसावं तसा बसला. “चांगभलं!” कुठून तरी आरोळी आली. पिवळा भंडारा हवेत उडाला आणि सगळ्यांच्या डोक्यांवर उतरला. हौसाक्कांनी वर पाहिलं. डॉक्टरांनी माझा दंड इतका दाबला की त्यांच्या हातात यंत्र असतं तर मला दुखापत झाली असती.

झील धरायला आण्णांचा भाऊ पुढे झाला, पण त्याच्याआधी दऱ्याप्पाने धरली होती.

ओवी संपली. आण्णांनी दुसरी धरली. ती संपली, तिसरी धरली. रीत अशी की पहिल्या ओवीचा मान झाला की पुढची पाळी दुसऱ्या वस्तीची. पुजाऱ्यांनी घसा खाकरून पाहिला. भावाने खांद्याला हात लावून पाहिला. आण्णांचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर भंडारा, महिन्याभराचं मुकेपण एका दमात भरून काढण्याचा बेत स्पष्ट दिसत होता. सूर्य पवनचक्क्यांच्या मागे गेला. शेवटी खालच्या वस्तीकडून दऱ्याप्पाच ओरडला:

“आण्णा! आवं आण्णा! आमाला बी येळ ठिवा की जरा!”

माणसं हसली. आण्णांनी डोळे उघडले नाहीत. कानावरचा हात तसाच ठेवून दुसरा वर केला, आणखी एकच म्हणून बोट दाखवलं, आणि बोट खाली यायच्या आत चौथी ओवी सुरू केली.